मातीवर धावणारी छोटी गाडी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय "रेडिओवर चालणारी शर्यतीची बग्गी : बांधणी व जुळवणी" असा छापला आहे. बग्गी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वरातीची घोड्याची बग्गी येते. येथे ती अभिप्रेत नाही. हातभर लांब, साधारण दीड किलो वजनाची, बॅटरीवर चालणारी, खडबडीत जमिनीवर उड्या मारीत पळणारी आणि हातातल्या रिमोटने चालवायची अशी ही गाडी आहे. ती तयार खेळणे म्हणून विकत आणायची नाही, तर सुटे भाग जोडून स्वतः बांधायची आणि जमिनीप्रमाणे जुळवून घ्यायची. एवढ्या मोठ्या सभेपुढे या लहानशा वस्तूवर बोलण्याचे प्रयोजन काय, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते स्वाभाविक आहे. म्हणून प्रयोजन आधी सांगतो.

मी विज्ञानाचा शिक्षक नाही. बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास-भूगोल शिकवणारा माणूस आहे. पण वर्गशिक्षक या नात्याने हजेरीपट माझ्या हाती असतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की नववीच्या हजेरीपटातील दोन-तीन नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. चौकशी केली तर मुलगा बायपासवरच्या गॅरेजमध्ये सापडतो. हातात पाना, अंगावर ऑईलचे डाग, आणि तोंडात उस्तादचे शब्द. हा मुलगा बुद्धीने कमी असतो काय? मुळीच नाही. इंजिनचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारी ही मुले आहेत. उलट, वर्गात पहिल्या बाकावर बसणारा आणि ऐंशी टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी सायकलची उतरलेली चेन चढवताना गोंधळतो. एकाचे हात शिकले पण वही सुटली, दुसऱ्याची वही भरली पण हात कोरे राहिले. या दोघांना एकाच टेबलाशी बसवणारे साधन मी शोधत होतो. ते मला या छोट्या गाडीत सापडले.

या गाडीचा थोडा इतिहास ऐका. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी वाळूच्या टेकड्यांवर चालवण्यासाठी लोक जुन्या फोक्सवॅगन गाड्यांचा जड पत्रा काढून हलक्या गाड्या बनवीत असत. १९६४ साली ब्रूस मायर्स या गृहस्थाने फायबरग्लासचे अंग असलेली अशी एक बग्गी तयार केली आणि ती फार गाजली. १९६७ साली मेक्सिकोच्या बाजा द्वीपकल्पात रानावनांतून जाणारी लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. त्या मोठ्या गाड्यांची लहान रूपे जपानच्या तामिया कंपनीने १९७९ साली बाजारात आणली. १९८४ साली अमेरिकेतील असोसिएटेड कंपनीची आरसी-१० ही खास शर्यतीसाठी आखलेली गाडी निघाली, आणि १९८५ साली कॅलिफोर्नियातील डेल मार येथे या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

आपला देशही यात मागे राहिलेला नाही. वाहन अभियंत्यांच्या एसएई इंडिया या संस्थेने २००७ साली मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे बाजा स्पर्धा सुरू केली. तीत अभियांत्रिकीचे विद्यार्थी एका माणसाने बसून चालवायची, रानात पळणारी गाडी स्वतः आखतात आणि स्वतः बांधतात. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांचे संघ त्यात उतरत आले आहेत. आपल्या जिल्ह्यात शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. म्हणजे ही वाट आपल्या दारापासून फार लांब नाही. तिची पहिली पायरी मात्र शाळेतच घातली पाहिजे.

आता गाडीकडे वळू. प्रथम चाके घेऊ, कारण चाक आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. बैलगाडीची दोन्ही चाके कण्यावर मोकळी फिरतात. गाडी वळली की बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्या चाकाला कमी. ती मोकळी असल्यामुळे प्रत्येक चाक आपापल्या चालीने फिरते आणि काही अडत नाही. बैल गाडी ओढतात, चाके नुसती मागे येतात. पण ज्या गाडीत इंजिन किंवा मोटर चाकांना फिरवते, तेथे अडचण उभी राहते. दोन्ही चाके एका दांडीला पक्की बांधली तर वळणावर एक चाक घासत जाणार. ही अडचण सोडवणारे दातेरी चाकांचे यंत्र म्हणजे डिफरन्शिअल. गॅरेजमधली मुले त्याला "डिफ्रंसल" म्हणतात. फ्रान्समधील पेकर या कारागिराने वाहनासाठी त्याचे पेटंट घेतले होते.

पण या यंत्रात एक खोड आहे. एक चाक चिखलात फुकट फिरू लागले की सारी ताकद तिकडेच निघून जाते आणि दुसरे चाक थंड पडते. शेतकऱ्याच्या मुलाला हे सांगावे लागत नाही. ट्रॅक्टर ओल्या रानात रुतला की त्याचे वडील पायाने डिफरन्शिअल लॉक दाबतात, हे त्याने पाहिलेले असते. आपल्या छोट्या गाडीत असा लॉक नसतो. तेथे डिफरन्शिअलच्या डबीत घट्ट सिलिकॉन तेल भरतात, म्हणजे एक चाक एकदम सुटत नाही. तेल फार घट्ट झाले तर गाडी वळायला कुरकुर करते, फार पातळ झाले तर आतले चाक हवेत भिरभिरते. या दोहोंच्या मधली जागा शोधणे, यालाच जुळवणी म्हणतात.

पुढच्या चाकांतही असाच विचार आहे. गाडी वळताना आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा थोडे अधिक वळले पाहिजे, कारण त्याचे वर्तुळ लहान असते. ही युक्ती जर्मनीतील लांकेनश्पेर्गर या गाडी बनवणाऱ्याची. तिचे पेटंट १८१८ साली लंडनमध्ये आकरमन यांनी घेतले आणि नाव त्यांचेच पडले. आमच्या मुलांनी या जोडणीच्या दांड्या सायकलच्या आऱ्यांपासून केल्या. भूमितीच्या तासाला एकाच केंद्राची दोन वर्तुळे काढताना जांभया देणारी मुले हीच आकृती सांगाड्याच्या पत्र्यावर काढताना अर्धा मिलिमीटर चुकू देत नव्हती.

आता रेडिओविषयी. आपल्या देशाच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहे की जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात बिनतारी लहरींनी दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नाव बिनतारी यंत्राने चालवून दाखवली. आमची गाडी त्या नावेच्याच वंशातली. पूर्वी या खेळण्यांत २७ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरीत. त्या लहरींची लांबी सुमारे ११ मीटर, म्हणून लांब तारेची अँटेना लागे, आणि दोन मुलांकडे एकाच क्रिस्टलचे रिमोट असले की एकाच्या बटणाने दुसऱ्याची गाडी पळे. आजचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ही लहर साडेबारा सेंटिमीटरची. अँटेना बोटाएवढी पुरते, आणि प्रत्येक रिमोट आपल्याच गाडीशी बांधलेला असतो. जुन्या माणसांना आठवत असेल की एके काळी घरच्या रेडिओलाही परवाना काढावा लागे. पण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या साधनांना आपल्या देशात २००५ पासून वेगळा परवाना लागत नाही. तेव्हा पालकांनी त्याविषयी निश्चिंत असावे.

रिमोटचे चाक फिरवले की गाडीतल्या सर्व्होपर्यंत काय पोहोचते? साधारण २० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे सेकंदाला ५० विजेचे ठोके पोहोचतात. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर चाके सरळ, एक मिलिसेकंदाचा असेल तर एका बाजूला, दोन मिलिसेकंदांचा असेल तर दुसऱ्या बाजूला. एवढीच त्याची भाषा आहे. नवसाध्य वाटणारी गोष्ट उलगडून पाहिली की इतकी साधी निघते, हा अनुभव मुलांना फार मोलाचा वाटला.

विद्यार्थी मित्रांनो, आता वही काढा, कारण आपण एक हिशेब करणार आहोत. मोटरवर ३००० असा आकडा आहे. याचा अर्थ एका व्होल्टला मिनिटाला ३००० फेरे. बॅटरी ७.४ व्होल्टची. म्हणजे मोटर मिनिटाला २२,२०० फेरे घेणार. मोटरच्या दांडीवर २० दातांचे लहान चाक आहे, त्याला पिनियन म्हणतात. ते ८० दातांच्या मोठ्या चाकाला फिरवते. म्हणजे वेग चारपट कमी झाला. आतल्या गिअरडबीत तो आणखी अडीचपट कमी होतो. चार गुणिले अडीच म्हणजे दहा. तेव्हा गाडीचे चाक मिनिटाला २,२२० फेरे घेणार. चाकाचा व्यास ८.४ सेंटिमीटर असेल तर परीघ २६.४ सेंटिमीटर. गुणाकार केला तर मिनिटाला सुमारे ५८६ मीटर, म्हणजे तासाला सुमारे ३५ किलोमीटर. प्रत्यक्षात वजन, घर्षण आणि हवा यांमुळे वेग याहून कमी भरतो. पिनियनचे दात वाढवले की वेग वाढतो, पण मोटर तापते आणि बॅटरी लवकर उतरते. दात कमी केले की उठाव चांगला, पण सरळ रस्त्यावर गाडी मागे पडते. चढावर सायकलस्वाराने लहान गिअर टाकावा, तसेच हे आहे. दोन मिनिटे गाडी पळवून मोटरजवळ बोट न्यावे. बोट टेकवत नसेल तर एक-दोन दात कमी करावेत.

यानंतर शॉकअप. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते, पण नुसत्या स्प्रिंगवर गाडी खड्डा ओलांडल्यानंतरही डोलत राहते. तो डोल गिळण्यासाठी शॉकअपच्या नळीत तेल असते आणि त्यातून भोके पाडलेला दट्ट्या वर-खाली होतो. तेल त्या भोकांतून कष्टाने जाते, आणि उसळीची शक्ती तेथे खर्च होते. एका पेल्यात पाणी व दुसऱ्यात शेंगदाण्याचे तेल घेऊन दोन्हींत सारखाच मणी सोडा. तेलात तो सावकाश उतरतो. तेल जितके घट्ट, तितका दट्ट्या सावकाश. शॉकअप फार कडक झाला तर बारीक खड्यांवरूनही चाक जमिनीवरून उचलले जाते, आणि जे चाक जमिनीवर नाही ते गाडीला ना ढकलू शकते, ना वळवू शकते. फार मऊ झाला तर उडीनंतर गाडीचे पोट जमिनीला आपटते. त्यातून उन्हाळ्यात तेल पातळ होते आणि डिसेंबरच्या सकाळी घट्ट. म्हणून मे महिन्यात जुळलेली गाडी हिवाळ्यात जशीच्या तशी चालेल असे समजू नये.

उडीचा विषय निघाला म्हणून एक गंमत सांगतो. गाडी हवेत असताना चाके जोरात फिरवली तर तिचे नाक वर उठते, आणि ब्रेक लावला तर नाक खाली येते. चाकांना एका बाजूला फिरवले की सांगाडा उलट बाजूला फिरू पाहतो. क्रिया तितकी प्रतिक्रिया, हा न्यूटनचा नियम मुले पाठ म्हणत होतीच. पण हवेतली गाडी बोटाच्या इशाऱ्याने सावरली, तेव्हा तो त्यांना खरा वाटला.

आता माझ्या स्वतःच्या विषयाकडे, म्हणजे भूगोलाकडे येतो. आपल्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग आपण बोलताना नेहमी करतो. बुलडाणा, चिखली, मेहकर हा घाटावरचा मुलूख, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्याचा, घाटाखालचा. वर कित्येक ठिकाणी काळ्या खडकाचा झिजून झालेला मुरूम, खाली खोल काळी माती. दोन्ही मुळात एकाच बेसॉल्ट खडकाची लेकरे, पण स्वभाव निराळे. मुरुमाची जमीन टणक असते आणि वर बारीक खडा सैल असतो. तेथे टायरवर जवळजवळ बसवलेले लहान काटे लागतात. काळी माती वाळली की तिला भेगा पडतात आणि वर भुसभुशीत थर राहतो. तेथे लांब काट्यांचे टायर आत रुतून पकड घेतात. पाऊस पडल्यावर मात्र ती चाकाला गोळा होऊन चिकटते आणि कोणताच टायर कामाचा राहत नाही. ज्या मुलांना "आपल्या जिल्ह्यातील मृदा" हा धडा कंटाळवाणा वाटत होता, त्यांच्याच गटाची गाडी आमच्या मुरुमाच्या मैदानावर जुळलेली होती आणि घाटाखालच्या एका मैदानावर पहिल्याच वळणाला आडवी झाली. त्या दिवशी मृदेचा धडा मला शिकवावा लागला नाही.

तेथे मुलांनी काय केले, ते सांगण्यासारखे आहे. घाई झाली की माणूस टायर बदलतो, स्प्रिंग बदलतो, तेल बदलतो, सारे एकदम. मग गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तरी कळत नाही. आमच्या गटाचा नियम असा की एका वेळी एकच बदल करायचा, पाच फेऱ्या मारायच्या आणि वहीत लिहायचे. तारीख, जागा, हवा, टायर, शॉकअपचे तेल, पिनियनचे दात, पाच फेऱ्यांची वेळ. त्यांनी प्रथम फक्त टायर बदलले आणि वेळ घेतली. नंतर फक्त गाडीची जमिनीपासूनची उंची थोडी वाढवली आणि वेळ घेतली. तिसऱ्या बदलाला गाडी उलट हळू झाली, तेव्हा तो बदल मागे घेतला. संध्याकाळपर्यंत गाडी सरळ चालू लागली, आणि कशामुळे चालू लागली हे वहीत लिहिलेले होते.

त्या वहीने दुसराही धडा दिला. समजा एका चालकाच्या पाच फेऱ्या २०, २०, २१, २० आणि २० सेकंदांच्या झाल्या. दुसऱ्याच्या १८, १८, २७, १९ आणि २६ सेकंदांच्या. सर्वांत वेगवान फेरी दुसऱ्याची. टाळ्याही त्यालाच पडतील. पण बेरीज केली तर पहिल्याची १०१ आणि दुसऱ्याची १०८. शर्यत पहिल्याने जिंकली. अभ्यासाचेही असेच आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा आणि रोज एक तास बसणारा, यांची बेरीज आपणच करून पाहावी.

लिहून ठेवण्याची ही परंपरा आपल्याला परकी नाही. आठशे वर्षांपूर्वी दियारबकर येथे अल-जझरी नावाचे थोर कारागीर होऊन गेले. पाण्यावर चालणारी घड्याळे, पाणी उपसण्याची यंत्रे अशी कितीतरी साधने त्यांनी केली. पण त्यांचे मोठेपण एवढ्यावर थांबत नाही. १२०६ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात त्यांनी ती यंत्रे आकृत्यांसह, भाग कसे करावेत व कसे जोडावेत या तपशिलासह लिहून ठेवली, म्हणून आज ती पुन्हा बनवता येतात. त्यांच्या काळातही कुशल हात पुष्कळ असतील. ज्यांच्या हाताबरोबर लेखणी चालली, त्यांचे ज्ञान टिकले.

आता ज्या मुलाविषयी मला बोलायचे आहे, त्याचे नाव मी सांगणार नाही. नववीत असताना त्याने शाळा सोडली आणि तो दुचाकीच्या गॅरेजवर जाऊ लागला. एका शनिवारी संध्याकाळी आमची गाडी वळणावर ताकद सोडत होती आणि गटातील हुशार मुलांना कारण सापडत नव्हते. हा कुंपणापाशी उभा राहून पाहत होता. म्हणाला, "सर, डिफ्रंसल सैल आहे. एकच चाक फुकट फिरतंय." मुलांनी त्याला आत बोलावले. डबी उघडली, घट्ट तेल भरले, आणि गाडी सुधारली. मग गटातली एक मुलगी वहीत पिनियनचा हिशेब करू लागली. तो बराच वेळ तिच्या वहीकडे पाहत राहिला आणि नंतर त्याने मला विचारले, "सर, हा हिशेब कोणत्या इयत्तेत असतो?" मी म्हटले, "सातवीत. गुणोत्तर व प्रमाण." तो म्हणाला, "सातवीत मी होतो ना सर. पण हे कशासाठी असतं, ते कधी कळलंच नाही."

पालकहो, हे वाक्य आम्हा शिक्षकांनी भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे.

त्याच्या अब्बांना मी भेटलो. त्यांनी मला स्पष्ट विचारले, "मास्टरसाहेब, हा रोज दोनशे रुपये आणतो. ते कोण देणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उपदेशाचे उत्तर नव्हते, आणि असू नये. उत्तर वेळापत्रकात शोधावे लागले. गॅरेजच्या उस्तादने त्याला सकाळी दोन तास मोकळीक दिली, मजुरी थोडी कमी केली, बंद केली नाही. मुलाने १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीची परीक्षा दिली. गुण फार नव्हते, पण पास झाला. आज तो आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकत आहे आणि संध्याकाळी त्याच उस्तादकडे काम करतो. त्याच्याबरोबर शाळा सोडलेला दुसरा मुलगा मात्र परत आला नाही. मी दोनदा गेलो, पण घरची परिस्थिती आडवी आली. हेही आपल्याला सांगितले पाहिजे, कारण एका गाडीने सगळी मुले परत येतात असे मी म्हणणार नाही.

दहावीच्या त्या कागदाचे महत्त्व काय, ते थोडक्यात सांगतो. गॅरेजचे काम कितीही चांगले येत असले तरी मोटर मेकॅनिकच्या आयटीआयला दहावी पास लागते. दोन वर्षांचा आयटीआय झाला की पुढे तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविका चांगली झाली तर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे गॅरेजपासून इंजिनिअरपर्यंत शिडी आहे. तिची खालची पायरी दहावी आहे, आणि नेमकी तीच आपली मुले सोडून देतात. गॅरेजमध्ये जाऊ नका असे मी म्हणत नाही. तेथे प्रामाणिक कष्टाची भाकरी आहे. मात्र वही बरोबर घेऊन जा.

खर्चाचा प्रश्न उरतो. परदेशी कंपनीचा चांगला संच घेतला तर रक्कम पाच आकडी होते, आणि ती प्रत्येक घराने खर्च करावी असे मी कधीही सुचवणार नाही. एका शाळेला एक गाडी पुरते. रिमोट, रिसिव्हर, सर्व्हो, स्पीड कंट्रोलर, डिफरन्शिअल, टायर आणि बॅटरी एवढे विकत आणावे. सांगाड्यासाठी खिडक्या बनवणाऱ्याकडे ॲल्युमिनियमचे तुकडे मिळतात. जुन्या प्रिंटरमधल्या पोलादी दांड्या उपयोगी पडतात. कामे वाटून द्यावीत. एक चालक, दोन मिस्त्री, एक हिशेबनीस, एक बॅटरी सांभाळणारा, एक वही लिहिणारा, आणि दर महिन्याला ही कामे बदलावीत. मुलींना फक्त वही लिहायला बसवू नये. आमच्या गटात सोल्डरिंगचे सर्वांत स्वच्छ काम दोन मुलींचे आहे.

बॅटरीबाबत मात्र पालकांनी व मुलांनी कडक राहावे. लिथियमची बॅटरी ताकदवान असते, तशीच धोकादायकही असते. तिचा प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो, त्याहून वर नेऊ नये, आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. तिच्यासाठीचाच चार्जर वापरावा. मातीच्या कुंडीत ठेवून, समोर माणूस बसलेला असतानाच चार्ज करावी. रात्री लावून झोपू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, टोचून तर मुळीच पाहू नये. आणखी एक शिस्त : सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. नाहीतर मालक नसलेली गाडी कोणाच्या पायावर जाईल याचा नेम नाही. तसेच ती रस्त्यावर चालवू नये, आणि लहान मुलांच्या गर्दीतही नाही.

माझी संस्थेला विनंती आहे की आपल्या प्रत्येक शाळेत, उर्दू असो वा मराठी माध्यम, शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर दोन तास आणि एक खोली या कामासाठी द्यावी. पालकांना विनंती की ज्यांचे गॅरेज आहे, वेल्डिंगचे दुकान आहे, मोबाईल दुरुस्तीचे काम आहे, त्यांनी महिन्यातून एक शनिवार आमच्याकडे यावे. तुम्हाला भाषण करायचे नाही. हातातले काम दाखवायचे आहे. आणि ज्या मुलांनी शाळा सोडली आहे त्यांच्यासाठी त्या खोलीचे दार उघडे राहील. त्यांची हजेरी घेतली जाणार नाही, आणि "का सोडलीस?" असे कोणी विचारणारही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या शनिवारी दीड वाजता मैदानावर या. गाडीचा मागचा शॉकअप गळतो आहे आणि त्याचे कारण अजून सापडलेले नाही. येताना वही आणा.